मेणबत्तीवर उपडा ग्लास : हा प्रयोग चौथी-पाचवीतून काढून टाकावा का?

चौथी_ब

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि वर्गाला सांगितलं जातं : हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत एका तरी टेबलावर हे मांडलेलं असतंच. माझं म्हणणं असं की प्राथमिक वर्गातून हा प्रयोग काढावा. कारण स्पष्टीकरण चुकीचं आहे आणि ते इतकं पटण्यासारखं आहे की मुलं ते दहावीपर्यंत घेऊन जातात.

हिशेब करून बघा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. मेणबत्ती तो संपवत नाही. साधारण १६ टक्क्यांवर आला की ती विझते. म्हणजे वापरला गेला जेमतेम ५ टक्के. त्यातही मेण जळताना ऑक्सिजनच्या दर ३ भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २ भाग तयार होतात, म्हणजे बरीचशी जागा पुन्हा भरते. १२ सेंमी उंचीच्या सरळ ग्लासात या कारणाने पाणी २-३ मिमी चढेल. सगळा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला असं धरलं तरी ६ मिमी. प्रत्यक्षात चढतं २ सेंमी, कधी ४. उरलेलं कुठून आलं?

गरम हवेतून. ग्लास ज्योतीवर आणताना आतली हवा तापून फुगते आणि थोडी काठाखालून बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ती मंदावली, विझली की झपकन चढतं. ऑक्सिजन ‘संपत जाण्याने’ चढत असतं तर जळताना सावकाश चढलं असतं.

त्यापेक्षा ज्योत नसलेले तीन प्रयोग करावेत : पाण्यात बुडवलेल्या पेल्यातला कोरडा कागद, गरम पाण्याने खंगाळलेली बाटली, आणि बाटलीच्या तोंडावर फुगा. आगीचा धोका नाही, आणि खोटं सांगावं लागत नाही.

गॅसबत्ती

स्पष्टीकरण चुकतं हे मान्य. पण मग काढायला हवं ते वाक्य. मेणबत्तीने काय घोडं मारलंय?

स्वतःचं चुकीचं उत्तर स्वतःच उघडं पाडणारा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही. एकाच मापाच्या दोन रुंद तोंडाच्या बरण्या घ्या. एकीखाली एक मेणबत्ती, दुसरीखाली तेवढ्याच उंचीच्या तीन. हवा तितकीच, म्हणजे ऑक्सिजनही तितकाच. ऑक्सिजनचं स्पष्टीकरण खरं असेल तर पाणी दोन्हीकडे सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांच्या बरणीत ते स्पष्ट जास्त चढतं. हे बघायला चौथीच्या मुलाला टक्केवारी येण्याची गरज नाही, पट्टी पुरते.

दुसरा फेरफार त्याहून सोपा. एकदा ग्लास पटकन उपडा घाला. दुसऱ्यांदा ज्योतीच्या वर, काचेला लागणार नाही असा, ५ सेकंद धरून मग घाला. मेणबत्ती तीच, ग्लास तोच (पण मधे गार पाण्याने धुऊन पुसलेला), आणि पाणी जास्त चढलेलं.

तुमच्या बाटली-फुग्यात हा ‘अरेच्चा’ नाही. तिथे अपेक्षित तेच घडतं.

शेवटचा बाक

काच तडकते त्याबद्दल कोणीच बोललं नाही. ज्योतीचं टोक आणि ग्लासाचा तळ यांत ४-५ सेंमी अंतर हवं. चहाचे जाड कटिंग ग्लास यासाठी अगदी वाईट : बुटके, आणि जाड तळाची काच असमान तापते.

सुतळी

गॅसबत्ती यांच्या बाजूने, पण मांडणीत जे बिघडतं ते आधी लिहितो, कारण निम्म्या वेळा पाणी चढतच नाही आणि गुरुजी ‘चढलं असं समजा’ म्हणून मोकळे होतात.

ग्लासाचा काठ ताटलीला घट्ट चिकटला तर पाण्याला वाट मिळत नाही. काठाखाली तीन ठिकाणी काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे किंवा नाणी ठेवा. ताटलीत पाणी किमान १ सेंमी खोल हवं. कमी असेल तर थोडं चढताच काठ उघडा पडून बाहेरची हवा आत शिरते आणि चढलेलं पाणी खाली येतं. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या कलंडतात. साधी मेणबत्ती ५ सेंमीची कापून वितळलेल्या मेणावर पक्की बसवावी. किंवा सरळ पणती घ्या. ती बुटकी आणि जड असते, फक्त ताटलीतलं पाणी तिच्या काठापर्यंत येऊ देऊ नका. पंखा बंद. पाण्यात कपड्यांच्या निळीचे ३-४ थेंब, नाहीतर मागच्या बाकावरून काही दिसत नाही. आणि ताटलीत भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले तर ग्लास ठेवताना काठाबाहेर फेसाचे फुगे येताना दिसतात. ही बाहेर पडलेली हवा. एकदा ते फुगे दिसले की ‘ऑक्सिजन संपला’ हे मुलंच खोडून काढतात.

निवळी

एक शंका. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, म्हणून पाणी चढतं, असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर का?

चौथी_ब

विरघळतो, पण सावकाश आणि नुसत्या वरच्या पृष्ठभागातून. पाणी चढतं काही सेकंदांत. वेळेचं गणित जमत नाही.

सुतळी, यादी उत्तम आहे, आणि ती माझ्याच बाजूची आहे. काड्या, नीळ, साबण, दोन बरण्या, पंखा बंद, मेणाने चिकटवलेल्या चार मेणबत्त्या : हे ३५ मिनिटांच्या तासिकेत, ४५ मुलांसमोर, एकच शिक्षक? पेटवणं शिक्षकांनीच करायचं, म्हणजे मुलं फक्त बघणार. मग याला ‘कृती’ कशाला म्हणायचं? ती झाली जादू. उलट पेल्यातला कागद प्रत्येक गट स्वतः करतो. कागदाचा बोळा तळाशी घट्ट कोंबायचा, पेला अगदी सरळ उपडा बादलीत दाबायचा, सरळच वर काढायचा, आणि कागद काढण्याआधी काठ फडक्याने पुसायचा. हे शेवटचं विसरलं तर काठावरचे थेंब कागदावर पडतात आणि मुलं म्हणतात ‘ओला झाला’. मग तोच पेला पाण्याखाली तिरका करा, बुडबुडे येतात, कागद भिजतो. हवा जागा व्यापते हे दहा मिनिटांत हाताला कळतं.

बाटलीचंही तसंच. एक लिटरच्या पातळ प्लास्टिक बाटलीत कपभर गरम पाणी घालून दहा सेकंद हलवा, ओतून टाका, लगेच झाकण घट्ट लावा. मिनिट-दोन मिनिटांत बाटलीचे गाल आत जातात. पाणी ६० अंशांच्या आसपासच हवं, म्हणजे बोटाला चटका बसेल इतकं गरम, पण उकळतं नव्हे. उकळतं घातलं तर प्लास्टिकच मऊ होऊन चिंबतं, आणि मुलांचं ‘बाटली वितळली’ हे उत्तर बरोबर ठरतं. पाणी शिक्षकांनी ओतावं, हलवणं, झाकण लावणं मुलांनी.

गॅसबत्ती

म्हणजे गरम पाण्याचा धोका चालतो, ज्योतीचा नाही? ६० अंशांचं पाणी हातावर सांडलं तर भाजतं. मेणबत्ती निदान एका जागी असते.

आणि ‘बघणं म्हणजे कृती नव्हे’ हे पटलं नाही. ग्लास ठेवायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं : पाणी चढेल, उतरेल की तसंच राहील? चढलं तर ज्योत जळताना की विझल्यावर? फळ्यावर हात मोजून आकडे मांडायचे. पैज लावलेलं मूल डोळे फाडून बघतं. होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने, १९७२ ते २००२, मध्य प्रदेशातल्या साध्या सरकारी शाळांत हेच केलं : उत्तर आधी सांगायचं नाही, प्रयोगातून निघू द्यायचं.

चौथी_ब

होशंगाबादचं उदाहरण नेहमी अर्धंच दिलं जातं. तो कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता. शिक्षकांचं प्रशिक्षण, नियमित मासिक बैठका, शाळेला साहित्याची पेटी, सगळं मागे उभं होतं. परिसर अभ्यास शिकवणाऱ्या, चारही विषय एकटीने घेणाऱ्या बाईंच्या हातात यातलं काय असतं? त्यांच्या हातात असतं ते एक वाक्य : ‘ऑक्सिजन संपला.’ प्रयोग राहिला की वाक्य राहतं.

तासिका३५

दोघांचंही चुकतंय असं वाटतं. एक पंचमांश हा मुद्दाच चौथीत कशाला? तो दाखवायचाच असेल तर लोखंड गंजवून दाखवा, आकडा खरा येतो. परीक्षानळी आतून ओली करा, अर्धा चमचा लोहकीस आत भुरभुरवा, नळी पाण्यात उपडी उभी करून पातळीची खूण करा. गंजणं जवळजवळ सगळा ऑक्सिजन घेतं, आणि त्यातून वायू तयार होत नाही. दोनेक दिवसांत पाणी नळीच्या एक पंचमांशापर्यंत येऊन थांबतं.

भांडी घासायची तारेची घासणी चालेल असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्याकडच्या बहुतेक घासण्या स्टेनलेसच्या असतात. आठवडाभर ठेवा, काही होणार नाही. चुंबक लावून बघावं.

सुतळी

चुंबकावर विसंबू नका. स्टेनलेसच्या काही जातींनाही चुंबक चिकटतो. खरी परीक्षा : घासणीचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून रात्रभर उघडा ठेवा. सकाळी तांबूस झाला तर कामाचा.

लेथवाल्याकडचा कीस फुकट मिळतो पण तेलकट असतो, गंज धरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुवा, मग पाच मिनिटं व्हिनेगरमध्ये, मग वापरा. आणि पातळी सकाळी लावली तर सकाळीच मोजा. खोलीचं तापमान १० अंशांनी बदललं तर आतली हवा साधारण ३ टक्क्यांनी फुगते-आकसते. दुपारी मोजलं की पंचमांश हुकतो आणि दोष गंजाला.

निवळी

दोन दिवस चौथीची मुलं कशाची वाट बघतात! दुसऱ्या दिवशी नळी कोणीतरी उचलून बघितलेली असते.

गॅसबत्ती

ते मात्र खरं. गंज सातवी-आठवीला.

चौथी_ब यांच्या ‘प्रयोग राहिला की वाक्य राहतं’ याला माझं उत्तर : मेणबत्ती हवीच, पण तिच्या जोडीला कायम एक बिनमेणबत्तीचा ग्लास ठेवा. काचेच्या ग्लासात तेच ६० अंशांचं पाणी अर्धा मिनिट ठेवून ओतून टाकायचं आणि लगेच निळ्या पाण्याच्या ताटलीत काड्यांवर उपडा घालायचा. पाणी कमी चढतं, पण चढतं. ज्योत नाही, जळणं नाही, ऑक्सिजन जसाच्या तसा. हे शेजारी दिसत असताना ते वाक्य कोणत्या तोंडाने म्हणणार?

चौथी_ब

हा ग्लास मला मान्य. मग क्रम असा ठेवा : पहिल्या दिवशी पेल्यातला कागद, दुसऱ्या दिवशी बाटली, तिसऱ्या दिवशी हा गरम ग्लास, आणि मेणबत्ती सगळ्यांत शेवटी, एकदाच, शिक्षकांच्या टेबलावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून. तोवर मुलांना हवा तापते-फुगते हे माहीत असतं, ऑक्सिजनचं नावही काढावं लागत नाही.

गॅसबत्ती

क्रम उलटा. मेणबत्ती पहिली, उत्तर न देता. मग तीन दिवस बाकीचे प्रयोग त्या प्रश्नासाठी. उत्तर आधीच हातात दिलं तर शेवटी मेणबत्ती पेटवायची कशाला?

शेवटचा बाक

तीन मेणबत्त्यांसाठी लोणच्याची बरणी घेणार असाल तर ती साबणाने दोनदा धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. तेलाचा ओशट थर राहिला तर त्यावर काजळी चिकटते आणि आत पाणी किती चढलं ते कोणालाच दिसत नाही.