कुंपण: पैसे खांबांवर घाला

कोकणात ६० फुटांचं लाकडी कुंपण घालायचं तर सगळीकडे सुरूच्या झाडाचे वासे वापरावेत, असं एकाने सुचवलंय. आडव्या पट्ट्यांना सुरू चालेल, पण कोकणातल्या पावसात खांबांना कृपया नको. वाळवी सुरूला लवकर धरते आणि खांब नेमका जमिनीलगतच्या चार-सहा इंचांत कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात.

दर ६ फुटांवर एक धरला तर खांब लागतील ११. बजेटचा मोठा वाटा यांच्यावर खर्च करा. जुन्या घरांच्या मोडीतला सागवान मिळाला तर उत्तम, नाहीतर ऐनाच्या झाडाचा किंवा बाभळीचा गाभा, म्हणजे आतलं गडद लाकूड. बाहेरचं फिकट लाकूड तासून टाका, किडीची सुरुवात तिथूनच होते. लांबी ६ फूट, पैकी २ फूट जमिनीत. खड्ड्याच्या तळाशी ४ इंच खडी घालून खांब थेट खडीवर टेकवा. खाली काँक्रीटची वाटी झाली की पाणी साचून खांब आतूनच सडतो. डांबर फक्त पूर्ण वाळलेल्या लाकडाला लावा. ओल्याला लावलंत तर ओल आतच कोंडते.

उभ्या पट्ट्यांना बांबू पुरेल. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी पाजलेलं असलं तरी तो मातीला टेकवू नका, पावसात ते क्षार धुऊन जातात. खाली २ इंच मोकळे ठेवा. खिळ्यांआधी भोक पाडा, नाहीतर बांबू उभा चिरतो.

मागची बाजू दिसत नसेल तर तिथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) फांद्याच रोवा. त्या रुजतात, कुजत नाहीत.