जुना रॉड वाकला, घरच्या जिमसाठी आता कोणता बार घेऊ?

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं घरीच व्यायाम करतोय. पहिल्या सेटमधला रॉड 25 मिमीचा, टोकांना आटे आणि नट असलेला. 70 किलोपर्यंत बिचाऱ्याने निमूट साथ दिली. गेल्या महिन्यात डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) 110 वर गेली आणि रॉडने मान टाकली. आता रॅकवर (बार ठेवायच्या स्टँडवर) ठेवला की आपोआप गिरकी घेऊन पोक खाली करून बसतो. त्याच्याखाली मान घालायची हिंमत होत नाही.

50 मिमी स्लीव्हचाच (स्लीव्ह म्हणजे प्लेट्स चढवायची फिरती टोकं) बार घ्यायचा, एवढं ठरलंय. जुन्या प्लेट्सची भोकं बारीक, त्या बाद होणार. जीव तुटतो, पण त्यांच्यासाठी पुन्हा तसलाच रॉड आणणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घेणं.

अडलंय ते इथे. करतो तीनच प्रकार: स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट. क्लीन-स्नॅच (बार झटक्यात वर उचलायचे प्रकार) करत नाही, करणारही नाही (खाली शेजारी राहतात). मग 28 मिमी दांड्याचा ऑलिम्पिक बार घेऊ की 29 चा पॉवर बार? माझे पंजे लहान आहेत, डेडलिफ्टला पाठीआधी पकड सुटते.

दुसरं, खोली 9 बाय 11 फूट. 2.2 मीटरचा बार 9 फुटांत आडवा टाकला तर दोन्हीकडे जेमतेम 27 सेंमी उरतात. विकणारा म्हणतो, 6 फुटी घ्या. घेऊ का? आणि खोली दमट आहे, तर कोटिंग कुठलं?

प्रतिसाद 1

29 चा घ्या. पकडीला त्या एका मिलिमीटरपेक्षा नर्लिंग (दांड्यावरची खरखरीत नक्षी) जास्त उपयोगी पडतं. पॉवर बारचं नर्लिंग कडक असतं, आणि मधोमधही पट्टा असतो, त्यामुळे स्क्वॉटला बार पाठीवरून सरकत नाही. बनियनला भोकं पडतील, ती पडू द्या. बेअरिंगच्या नादी लागू नका. स्लीव्ह सुळसुळीत फिरणं स्नॅचवाल्यांना लागतं, तुम्हाला बुशिंग (स्लीव्हच्या आतली साधी कडी) पुरे.

दमट खोलीत ब्लॅक ऑक्साइड घेतलात तर सारखं तेल-फडकं करत बसाल. हार्ड क्रोम बघा. स्टेनलेस सगळ्यात निवांत, पण खिसा रिकामा होतो.

प्रतिसाद 2

6 फुटी घेण्याआधी दोन स्लीव्हच्या मधलं अंतर विचाराच. पूर्ण मापाच्या बारमध्ये ते 131 सेंमी असतं. आखूड बारमध्ये बऱ्याचदा हाच भाग कापलेला असतो, मग बार रॅकवर बसतच नाही. 15 किलोचा महिलांचा बार 2.01 मीटर असतो, पण मधलं अंतर तेच 131. दांडा 25 मिमी, लहान पंजाला छान. मात्र जड स्क्वॉटला तो लवतो, म्हणून तुम्हाला नको म्हणेन. रॅक फिरवून बार 11 फुटांच्या बाजूने का नाही टाकत? 27 सेंमीत प्लेट मावते हो, तुम्ही मावत नाही.

धागाकर्ता

रॅक मोजला, बाहेरून 122 सेंमी. म्हणजे 6 फुटीवर फुली. काल फिरवूनही पाहिला: दोन्हीकडे 57 सेंमी मिळाले, फक्त दार आता अर्धंच उघडतं. 29 चा, हार्ड क्रोम, बुशिंग, असंच विचारतो. आता वाकलेल्या रॉडचं काय करायचं तेवढं सांगा, भंगारात द्यायला मन होत नाहीये.