दहन, होळी, जाळपोळ, नासधूस : नेमका फरक काय?

महाडला २५ डिसेंबर १९२७ ला झालं ते 'मनुस्मृतिदहन' आणि बर्लिनला १० मे १९३३ ला झाली ती 'पुस्तकांची होळी', असंच सगळीकडे वाचतो. जाळणं तर दोन्हीकडे सारखंच ना? का दहन म्हटलं की आपोआप सोवळं होतं?

>> दहनला विधीचा वास आहे खरा, रावणदहन, होलिकादहन वगैरे. जाळपोळ म्हटलं की दंगल आठवते. पण होळी म्हणजे वाईटच असंही नाही, विदेशी कापडाची होळी आपण कौतुकानेच सांगतो आणि बाबासाहेबांनी स्वतः महाडची तुलना त्या कापडाच्या होळीशी केली होती. तेव्हा नुसत्या शब्दावरून निवाडा नाही व्हायचा.

>> बघायचं ते हे की पुस्तक कोणाचं होतं आणि जाळल्यावर मागे काय उरलं. महाडला ज्यांना त्या ग्रंथाने माणसात धरलं नव्हतं त्यांनी भर परिषदेत रीतसर ठराव करून (मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, हे सोयीने विसरलं जातं) तो जाळला, बरं ग्रंथ कुठे नाहीसा झाला, बाबासाहेबच पुढे कितीतरी वर्षं त्यातले श्लोक देऊन देऊन मनूला खोडत होते. बर्लिनला उलटं, नाझी सत्ता पाठीशी असलेल्या विद्यार्थ्यांनी लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या हिर्शफेल्डच्या संस्थेचं ग्रंथालय लुटलं, ती पुस्तकं चौकात आणून जाळली, वर प्रचारमंत्री गोबेल्सचं भाषण. दोन्हीला एकच शब्द वापरा हवं तर, पण मी तरी एका मापाने मोजणार नाही.

>> मग पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेवर हल्ला झाला त्याला काय म्हणणार? ५ जानेवारी २००४.

>> नासधूस. सरळ. राग एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा आणि फटका बसला पोथ्या-हस्तलिखितांना, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळते हो, हस्तलिखिताची कुठून आणणार. आणि त्या पुस्तकापुरता सरकारी शब्द अजून वेगळा, 'जप्ती'. तीही कोर्टात टिकली नाही, हायकोर्टाने उठवली आणि २०१० ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं.

>> अवांतर : समासात ति ऱ्हस्वच, मनुस्मृतिदहन. बॅनरवर सर्रास दीर्घ असतो.