बातमीतल्या बायका मोजून लिंगभाव कळतो का?

शाईपेन
जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पात १९९५ पासून दर पाच वर्षांनी, ठरलेल्या एका दिवसाच्या बातम्या देशोदेशी एकाच तक्त्याने तपासल्या जातात. बातमीत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत स्त्रिया १९९५ साली १७ टक्के होत्या, २०२० साली २५. ठीक. पण आपल्याकडचे विद्यार्थी हाच साचा उचलतात, चार पेपरांतली डोकी मोजतात आणि त्याला लिंगभावाचा अभ्यास म्हणतात. 'विवाहितेची आत्महत्या' हा मथळा घ्या. पुरुष मेला तर तो 'तरुण', 'शेतकरी', 'व्यापारी'. 'विवाहित पुरुषाची आत्महत्या' असा मथळा कोण देतं? मोजणीत ती बाई 'स्त्री, १' एवढीच उरते.

रकाना
असहमत. त्या तक्त्यात नुसती डोकी नाहीत. माणूस बातमीत कोणत्या नात्याने आला हेही भरायचं असतं: बातमीचा विषय, प्रवक्ता, तज्ज्ञ, स्वानुभव सांगणारा, प्रत्यक्षदर्शी, की रस्त्यावरचं जनमत. शिवाय पत्नी, आई, मुलगी अशी कौटुंबिक ओळख दिली आहे का, हा वेगळा प्रश्न. तुमची 'विवाहिता' तिथेच पकडता येते. मात्र तक्ता भरण्याच्या नियमावलीत लिहा की हा शब्द कौटुंबिक ओळख धरायचा. नाहीतर एक जण 'हो' भरेल, दुसरा 'नाही'.

खरी गोची मराठीतच आहे. 'डॉक्टर म्हणाल्या' असेल तर प्रश्न मिटला. 'डॉक्टरांनी सांगितले' असेल तर? 'नी' लागला की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. 'डॉक्टर सांगतात', 'सांगतील' यांतूनही काही कळत नाही. अशा वेळी तक्ता भरणारा सवयीने 'पुरुष' टाकून मोकळा होतो. आधी नाव बघा, मग फोटो. तरी कळलं नाही तर 'माहीत नाही'. आणि तो रकाना अहवालात दाखवा. समजा २०० माणसं: १२० पुरुष, ४० स्त्रिया, ४० माहीत नाही. सगळे धरले तर स्त्रिया २० टक्के, अज्ञात वगळले तर २५. पाच टक्क्यांचा फरक नुसत्या छेदामुळे, आणि वरच्या आकड्यात पंचवीस वर्षांची वाढ आठची!

काठावर
एकाच बातम्यांवर दोघांनी वेगवेगळे भरलेले तक्ते किती जुळतात, ती जुळणी. 'आमची जुळणी ९० टक्के' हा दावाही तपासून घ्या. दोघांनीही १०० पैकी ९० नोंदी 'पुरुष' केल्या असतील, तर डोळे मिटून भरलं तरी ८२ टक्के जुळतं (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). त्यामुळे कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळलेलं वजा करून उरणारी जुळणी; पूर्ण जुळलं तर १) येतो (०.९० − ०.८२) ÷ ०.१८, म्हणजे जेमतेम ०.४४. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे तशाच प्रकारचं दुसरं माप वापरलात तरी सर्वसाधारण अपेक्षा ०.८० ची असते.

एक दिवस हाही धोकाच. निवडणुकीचा निकाल त्या दिवशी आला की सगळं राजकारणच राजकारण. एकाच पेपरचा वर्षभराचा अभ्यास असेल तर रचित आठवडा करा: वर्षातल्या ५२ सोमवारांतून चिठ्ठीने एक, मंगळवारांतून एक, असे सात. असे दोन आठवडे घ्या. सलग आठवडा घेऊ नका, एकच मोठी बातमी सातही दिवस व्यापते.

शाईपेन
छेदाचा मुद्दा मान्य. पण 'विवाहिता'साठी नियम हवा हे कळलं कुठून? मथळे वाचूनच ना! आणि तज्ज्ञ म्हणून बाईला फोनच का जात नाही, हे छापील पानावर कुठेच नसतं. त्यासाठी वार्ताहरांच्या मुलाखती आणि त्यांच्या संपर्कयाद्या बघाव्या लागतील. तक्ता कितीही रुंद करा, त्यात ते मावत नाही.

रकाना
मुलाखती घ्याच, त्याला विरोध नाही. विरोध आहे तो वीस मथळे हाताने निवडून 'मराठी माध्यमं अशीच' म्हणण्याला. 'विवाहिता' किती आणि 'तरुणी' किती, हे सांगायला शेवटी मोजावंच लागतं. तीसेक बातम्या आधी वाचून रकाने ठरवा. फक्त त्याच बातम्या अंतिम नमुन्यात परत घेऊ नका. नियम त्यांच्याच मापाने बेतलेले असतात, जुळणी फुकटची चांगली येते.