मदत हवी आहे: समुद्री प्राण्यांची हवाईयन भाषेतली चित्रपुस्तकं

आम्ही होनोलुलूत राहतो. लेक ४ वर्षांची, हवाईयन माध्यमाच्या बालवाडीत जाते. घरी मराठी, शाळेत हवाईयन, इंग्रजी काय, आपोआप येतंच. सध्या तिला समुद्रातल्या प्राण्यांचं वेड लागलंय. होनू म्हणजे हिरवं समुद्री कासव, हिवाळ्यात अलास्काकडून इथे येणारे कोहोला देवमासे, आणि राज्याचा मासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ! ती हे एका दमात म्हणते, फोनवर आजीची मात्र बोबडी वळते.

दुकानांत दिसतात ती बरीचशी पुस्तकं इंग्रजीच, मध्ये चार-दोन हवाईयन शब्द पेरलेले. पर्यटकांना ठीक आहेत. मला सगळा मजकूर हवाईयनमध्ये हवाय. खाली इंग्रजी असेल तर माझी सोय. ओकिना आणि काहाको ही चिन्हंही नीट छापलेली हवीत. काहाकोने स्वर दीर्घ होतो, ओकिना तर व्यंजनच. ती गाळली की मी अडखळते आणि लेक चुका काढते.

१८९६ च्या कायद्यानंतर ही भाषा शाळांतून गेली ती १९८० च्या दशकात पुनाना लेओ बालवाड्यांपासून परतली, तेव्हा पुस्तकं मोजकीच असणार हे कळतं. उलूकाऊ हे ऑनलाइन ग्रंथालय माहीत आहे, पण स्क्रीन नको. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं काही सुचवा. हिलोत कोणी आहे का? तिथल्या विद्यापीठाच्या हवाईयन भाषा विभागाकडे मुलांची पुस्तकं विकत मिळतात का? मंक सीलवरचं असेल तर आधी सांगा.