१० वर्षांच्या मुलीसाठी मराठी पुस्तकं सुचवा (मे महिन्यात आम्ही काय काय वाचलं तेही सांगते)

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी. लेक १० वर्षांची आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल, इंग्लिश मिडीयम. घरी आम्ही मराठीच बोलतो पण मराठी पुस्तक हातात दिलं की एका पानाला पाच मिनिटं लागायची, मग कंटाळून पुस्तक उपडं टाकून पळायची. इंग्लिश भराभर वाचते, 'शार्लट्स वेब' दोन दिवसांत संपवलं आणि शेवटी शार्लट मरते तिथे माझ्या मांडीवर येऊन रडली. म्हणजे आवड आहे, अडतंय ते मराठीतच. म्हणून या सुट्टीत ठरवलं की रात्री जेवणं झाली की एक प्रकरण मी मोठ्याने वाचायचं आणि पुढचं तिचं तिने. महिन्यात चार पुस्तकं हातात घेतली, तीन पूर्ण झाली.

सगळ्यात आवडलं ते 'तोत्तोचान' (तेत्सुको कुरोयानागींचं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे). रेल्वेच्या डब्यांमध्ये भरणारी शाळा म्हटल्यावर ती जी सरसावून बसली ती हललीच नाही. हेडमास्तर कोबायाशी पहिल्याच दिवशी छोट्या तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात ना, त्यावर हिने विचारलं, आई तू माझं सगळ्यात जास्त किती वेळ ऐकलंयस? मी काय सांगणार. मग त्या रात्री पुस्तक बाजूला ठेवलं आणि साडेअकरापर्यंत ती बोलत होती, शाळेतलं, मैत्रिणींचं, मला माहीतच नसलेलं कितीतरी. डब्यात 'थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरावरचं' हे तर आता आमच्याकडे रोज चालतं, भेंडी डोंगरावरची धरायची की नाही यावर वाद होतात.

दुसरं 'फुरसुंगीचा फास्टर फेणे'. भा. रा. भागवत माझ्या बाबांनी वाचलेले, मी वाचलेले, आता ही. मागच्या रविवारी जेजुरीला जाताना सासवड रोडला फुरसुंगीचा बोर्ड दिसला आणि ही गाडीत किंचाळली, आई हे गाव खरंच आहे?? तिला वाटत होतं हॉगवर्ट्ससारखं बनवलेलं नाव आहे. तेव्हापासून सायकलवर बसली की फास्टर फेणेसारखं 'ट्टॉक' करते.

'बोक्या सातबंडे' पण मस्त गेलं, एकेक गोष्ट एका बैठकीत संपते त्यामुळे ते तिने जवळजवळ सगळं स्वतःच वाचलं. 'गोट्या' मात्र अर्ध्यात राहिलं. मला स्वतःला फार प्रिय, पण भाषा जुनी, दर ओळीला 'म्हणजे काय' विचारायची आणि गोष्टीची लय तुटायची.

आता पुढे काय देऊ? रहस्यकथा चालतील, प्राणी चालतील. उपदेश नको.

पेठेतला_वाचक
ताई, रहस्य पाहिजे तर गुप्तहेर फेलूदाच्या गोष्टी. सत्यजित राय यांचे, मराठीत अशोक जैन यांनी केलेत, रोहन प्रकाशनाची छोटी छोटी पुस्तकं आहेत. तोपशे म्हणजे फेलूदाचा चुलतभाऊ गोष्ट सांगतो आणि तो स्वतःच शाळकरी पोरगा असल्यामुळे मुलांना लगेच जवळचा वाटतो. जैसलमेरच्या किल्ल्याची गोष्ट आधी द्या, त्यात मागचा जन्म आठवणारा मुलगा आहे आणि जटायू (रहस्यकथा लिहिणारे गमतीशीर लेखक) पहिल्यांदा भेटतात तिथेच. माझा भाचा जटायूंच्या एन्ट्रीनंतर थांबलाच नाही, एका आठवड्यात तीन पुस्तकं.

निवृत्त_बाई
मी बरीच वर्षं प्राथमिकला मराठी शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावते. इंग्लिश मिडीयमच्या मुलांना शब्द येत असतात, कानाला सगळं ओळखीचं असतं, पण डोळ्याला जोडाक्षरांची सवय नसते. 'उत्कंठा' किंवा 'विद्यार्थ्याच्या' असं काही आलं की बोट तिथेच थांबतं आणि तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. त्यामुळे तुम्ही मोठ्याने वाचताय ते फार चांगलं करताय, ते सोडू नका. फक्त एक बदल करून बघा. तुम्ही वाचलेलंच पान तिला दुसऱ्या दिवशी वाचायला द्या, नवीन नको. गोष्ट माहीत असते म्हणून अंदाजाने शब्द पटकन सुटतो, आणि आपल्याला जमतंय हे तिचं तिला कळतं. आणि मध्ये थांबवून उच्चार दुरुस्त करू नका हो, अर्थ कळला ना, मग पुढे जाऊ द्या.

दुसरं म्हणजे बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट वाचता येतात. दोन-तीन पानांच्या गोष्टी, कविता, कोडी असतात, पुस्तकाचं दडपण आलेल्या मुलाला अंक बरा वाटतो.

गोट्याला टाकून देऊ नका, दोन वर्षांनी परत काढा.

एफसी_रोडवाली
लंपन!!! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या ताई, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याचं ते 'मॅड' म्हणणं, मी आजही पाऊस पडला की एखादी गोष्ट काढून बसते.

निवृत्त_बाई
लंपन माझाही जीव की प्राण आहे, पण १० व्या वर्षी नको असं माझं प्रामाणिक मत. मुलाच्या तोंडून सांगितलंय म्हणून ते मुलांचं पुस्तक होत नाही. त्यातलं दुखणं हळू आहे, ते कळायला थोडं मोठं व्हावं लागतं. हिला आत्ता दिलं तर 'यात काही घडतच नाही' म्हणेल आणि मग पंधराव्या वर्षी परत हातात घेणार नाही, ते जास्त वाईट.

एफसी_रोडवाली
हे पटलं बाई. मी पण नववीत असताना वाचलं होतं, विसरलेच. मग मोठ्याने एखादी गोष्ट वाचून दाखवा ताई, 'वनवास' तिच्या हातात आत्ता नका देऊ.

हडपसरचा_बाबा
मुलगा १२ चा, गोष्टीच वाचायच्या नाहीत म्हणतो, 'खरं झालेलं' पाहिजे. त्याला वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं आणि ते चाललं. गुलामीत जन्मलेला मुलगा शिकून शास्त्रज्ञ होतो, शेंगदाण्यापासून कायकाय बनवतो, ते वाचून याने गच्चीत कुंडीत शेंगदाणे पेरले, आता रोज सकाळी माती उकरून बघतो आले का म्हणून. त्यानंतर नारळीकर सरांचं 'यक्षांची देणगी' आणलंय, ते मी आणि तो मिळून वाचतोय, कारण मधेमधे विज्ञान समजावून सांगावं लागतं आणि मला पण ते शोधावं लागतं. ताईंच्या मुलीला मात्र दोन्ही अजून एक-दीड वर्षाने.

पेठेतला_वाचक
घ्यायला कुठे जायचं ते पण सांगतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतातच, पण जूनच्या आधी जा, नंतर पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत उभं राहायला जागा नसते. निवांत चाळायचं तर बाजीराव रोडला अक्षरधारा हे पुस्तकांचं दुकान. आणि शनिवार पेठेत साधनाच्या दुकानात त्यांच्या बालकुमार दिवाळी अंकांचं विचारा. मुलीला घेऊनच जा, पुस्तक तिलाच उचलू द्या.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेलो आम्ही. फेलूदाची दोन घेतली, आणि तिने स्वतःहून 'चक्रीवादळात फास्टर फेणे' उचललं, नावातलं जोडाक्षर दुकानात उभ्या उभ्या वाचलं, च-क्री, आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, बाईंनी सांगितलं होतं ना. रात्री कालचंच पान परत वाचायला दिलं तर दीड मिनिटात झालं आणि पुढची तीन पानं न विचारता वाचून टाकली.

'वनवास' मी माझ्यासाठी घेतलंय. पहिली गोष्ट शनिवारी वाचून दाखवणार आहे.

एक विचारायचं राहिलं, तिला तोत्तोचानसारखं 'शाळेचं' अजून एखादं पाहिजे, पण त्यातला तोत्तोचानचा मित्र यासुआकी-चान जातो तसं कुणी गेलेलं चालणार नाही म्हणाली. असं काही आहे का कुणाच्या माहितीत?