मदत हवी आहे: वॉर्डमधल्या मावशी-मामांना (सफाई कर्मचाऱ्यांना) चुकून सुई टोचली तर काय करायचं, हे कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. लवकरच सफाई कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग घ्यायचंय. नेहमीचा प्रकार ठाऊक आहेच: इंग्रजी स्लाइड्स, रजिस्टरवर सह्या, चहा-बिस्किटं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण द्यावं लागतं, ते कागदावर होतं. पण मावशी ढिम्म बसून असतात.

सिस्टरला सुई टोचते ती बहुतेकदा रक्त घेताना किंवा टोपण परत लावताना. पेशंट समोरच असतो, त्याचं रक्त तपासता येतं. मावशीला टोचते ती प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत भलतीच पडलेली, नाहीतर चादरीच्या घडीत राहिलेली. कुणाची, काही पत्ता नाही. शिवाय ती सांगतही नाही. कंत्राटदार काढून टाकेल, एचआयव्हीची टेस्ट केली की गावभर होईल, ही भीती. मध्यंतरी एकीच्या बोटाला चिंधी दिसली म्हणून खोदून विचारलं. तिने बोट पिळून रक्त काढलं होतं, वर हळद दाबली होती आणि तोवर एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांची ७२ तासांची मुदत उलटून गेली होती.

माझे प्रश्न:

आकडे सांगावेत का? लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी (विषाणूची कावीळ) होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, सी ची ०.२ ते २, एचआयव्हीची ०.३. सगळे घाबरतात एचआयव्हीला, कावीळ कुणाच्या खिजगणतीत नाही. पण 'हजारात तीन' म्हटलं की उलट 'मग कशाला सांगायचं' असं होईल का?

सापडलेली सुई लॅबला पाठवा, असं आमचे एक डॉक्टर म्हणतात. बरोबर आहे का?

आणि मुख्य म्हणजे, लपवाछपवी कशी थांबवावी?

आलेली उत्तरं:

सूक्ष्मजीव: सुई तपासू नका. निकालावर भरवसा ठेवता येत नाही आणि ती हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला टोचली तर दुसरी केस. सुई कुठल्या वॉर्डातून आली, किती रक्ताळलेली होती, जखम किती खोल, यावरून डॉक्टर ठरवतात. शंका असेल तर एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस आधी, चौकश्या नंतर. शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत तर हवाच. कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस सी ला लस नाही, टोचल्यावर द्यायच्या गोळ्याही नाहीत, पण लागण वेळेत सापडली तर औषधांनी बरी होते. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

टक्के मावशींना नका सांगू, लस सांगा. बी ची लस ०, १, ६ महिने, आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लस लागू पडली का, हे बघायची रक्ततपासणी). १० च्या वर आला की बी ची काळजी मिटली. ही लस कंत्राटी माणसालाही द्यायची असते, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना. 'आमच्या पेरोलवर नाहीत' हे उत्तर चालत नाही, मॅनेजमेंटला नियम दाखवा.

वॉर्ड नंबर ४: ताई, स्पष्टच बोलतो, शिकवणी चुकीच्या माणसांना चाललीय. मावशी काही सुया टाकत नाही. सुयांच्या पांढऱ्या डब्याऐवजी पिशवीत किंवा ट्रेमध्ये सुई सोडणारे आम्ही ब्रदर, सिस्टर आणि इंटर्न. तो वर्ग आधी घ्या, आणि तो मावशींच्या समोर घ्या. डबा बेडपासून हाताच्या अंतरावर हवा. कॉरिडॉरच्या टोकाला असेल तर रात्री कुणी जात नाही.

मावशींना फक्त एवढंच: पिळू नका, चोखू नका, स्पिरिट चोळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच सांगा. तोंडाने सांगण्यापेक्षा नळाखाली करून दाखवायला लावा.

रात्रपाळी: सांगायचं कुणाला, हे आधी पक्कं करा. आमच्याकडे गोळ्या होत्या, पण कपाटाची चावी दिवसाच्या इन्चार्जकडे. रात्री दोनला मामाला टोचली तर त्याने काय करायचं? आता गोळ्या कॅज्युअल्टीत असतात आणि आरएमओने (ड्यूटीवरच्या डॉक्टरने) पहिला डोस द्यायचा, फॉर्म सकाळी. एचआयव्ही कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू. संमतीशिवाय टेस्ट नाही, निकाल गुप्त. हे वाक्य कंत्राटदाराला बोलावून सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडून वदवून घ्या. तुम्ही शंभरदा सांगा, मावशीला त्याचा शब्द लागतो.

धागाकर्ती: कंत्राटदाराला बोलवायचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. चावीचं आजच बघते, आमच्याकडेही तीच गत असावी. टायटरच्या तपासणीचा खर्च मॅनेजमेंटकडून कुणी मंजूर करून घेतलाय का? अर्ज कसा लिहिला, तेवढं सांगा.